आट्यांमधली पांढरी पट्टी

गीझरचा व्हॉल्व्ह खोलल्यावर आट्यांना टेफ्लॉन टेपच्या पांढऱ्या, मऊ चिंध्या चिकटलेल्या दिसल्या तर काम दहा मिनिटांचं. काळपट, दगडासारखा थर आणि त्यात रुतलेला दोरा दिसला, तर सांधा टेपच्या आधीच्या, दोरा-सफेद्याच्या जमान्यातला समजावा. तिथे पाईप पाना जरा जोरात फिरवला की भिंतीतला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईपच पिळवटतो.

बंबाला ही कटकट नव्हती. वरून उघडं तांब्याचं भांडं, खाली तोटी. दाब असा नाहीच. गीझर म्हणजे बंद टाकी. गच्चीवरच्या टाकीच्या दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब येतो. शिवाय २० अंशांचं पाणी ७० अंशांवर गेलं की जवळपास २ टक्के फुगतं, म्हणजे २५ लिटरमागे अर्धा लिटर. सांधे रोज तापतात, रोज निवतात. (‘गीझर’ हे नाव आइसलँडच्या उष्ण झऱ्याचं. लंडनच्या बेंजामिन मॉगन यांनी १८६८ मध्ये पाणी तापवणाऱ्या आपल्या गॅसच्या यंत्राला ते दिलं. त्या यंत्राला धुराडंच नव्हतं!)

आटे नुसते आवळून पाणी थांबत नाही, कारण आट्याचं टोक समोरच्या खाचेच्या तळाला पुरतं टेकत नाही. उरलेल्या फटीचा गोल गोल जिना होतो आणि पाणी त्यावरून बाहेर येतं. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांसाठी ५५ अंशांचा कोन सुचवला; ब्रिटिश पाईपचे आटे त्यावरच बेतले आणि आपल्याकडेही तेच रुळले. अर्धा इंची पाईप बाहेरून जवळपास २१ मिलिमीटर भरतो, कारण ‘अर्धा इंच’ हे आतल्या पोकळीचं जुनं माप. त्यावर दर इंचाला १४ आटे. अमेरिकन अर्धा इंचीलाही १४च, पण कोन ६० अंशांचा. त्यामुळे तिकडून आणलेली फिटिंग आपल्या सॉकेटमध्ये आधी छान फिरते आणि मग गळते.

ती फट बुजवण्याची जुनी युरोपी रीत एकाच झाडावर उभी होती: जवस. धागा त्याच्याच खोडाचा, तेलही त्याच्याच बियांचं. तेलात शिशाचा सफेदा किंवा शेंदूर कालवायचा. हो, मारुतीला लावतात तोच शेंदूर. तोही मुळात शिशाचाच. धागा पाण्यानं फुगतो, जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. सांधा पक्का व्हायचा, पण उघडायचा नाही. आणि पिण्याच्या पाण्याजवळ शिसं नको, हे शहाणपण उशिरा आलं.

पांढऱ्या पट्टीचा जन्म नळकामासाठी झालेला नाही. ६ एप्रिल १९३८ रोजी न्यू जर्सीत ड्यूपाँ कंपनीचे रॉय प्लंकेट फ्रिजसाठीच्या वायूंवर काम करत होते. एका सिलिंडरमधून वायू येईना, वजन मात्र भरलेल्या सिलिंडरचंच. तो कापला तेव्हा आत मेणचट पांढरी भुकटी निघाली. तेच टेफ्लॉन. महायुद्धात अणुबाँबच्या कामात युरेनियमच्या जहाल वायूपुढे टिकणाऱ्या गॅस्केटसाठी ते वापरलं गेलं. प्लंबरच्या पिशवीत ते पुष्कळ नंतर आलं.

ही टेप चिकटत नाही, हाच तिचा गुण. ती आट्यांना घसरती करते, त्यामुळे फिटिंग आणखी थोडी आत जाते. उरलेली फट ती स्वतः भरते. वाळून घट्ट होत नाही, म्हणून पुढच्या वेळी सांधा सुटतो. पण त्याच घसरतेपणामुळे हाताला जोराचा अंदाज येत नाही आणि प्लास्टिकचे आटे असलेली फिटिंग सहज तडकते.

गीझरच्या लवचिक कनेक्शन पाईपच्या नटावरही लोक टेप गुंडाळतात. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, आतला रबरी वायसर अडवतो. तो कडक झाला असेल तर अख्खं रीळ संपवलं तरी थेंब पडतच राहतात.