दोन तासांची साखर आणि नळीतली गळती

‘मी गोड खातच नाही, मग ही तपासणी कशाला?’ असं बऱ्याच गरोदर बायका विचारतात. गरोदरपणातला मधुमेह पेढे-बर्फीने होत नाही. वारेतून स्रवणारी संप्रेरकं आईच्या पेशींना इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. स्वादुपिंडाने जास्त इन्सुलिन सोडलं तर निभावतं, नाहीतर साखर चढते. हा जोर सहाव्या महिन्याच्या आसपास वाढतो. म्हणून पहिल्या भेटीत तपासणी नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करायची.

सरकारी दवाखान्यांतली पद्धत सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं. उपाशी असण्याची अट नाही. बरोबर दोन तासांनी रक्तातली साखर १४० मिलिग्रॅम किंवा जास्त आली, तर मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर झाली तर चालू ठेवतात. पुड्यावर ‘मोनोहायड्रेट’ असेल तर ७५ ऐवजी ८२.५ ग्रॅम लागतं, कारण बाकीचं वजन पाण्याचं.

खरी गंमत नळीत आहे. काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि ग्लुकोज खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. ते थांबवायला राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं. पण फ्लोराइड अडवतं ते एनोलेज हे विकर, म्हणजे ग्लुकोज मोडण्याच्या साखळीतली शेवटून दुसरी पायरी. वरच्या पायऱ्या चालूच, त्यामुळे पहिला तास-दीड तास ग्लुकोज घटतच जातं. खरी १४५ असलेली साखर नळी तासभर टेबलावर पडली की १३६ दिसते, आणि बाई ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते! सायट्रेटची नळी आम्लता वाढवून पहिल्याच पायऱ्या रोखते, पण ती सगळीकडे मिळत नाही. मग नळी बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव भाग, वेगळा काढायचा.

लघवीत साखर दिसली, मुंग्या लागल्या, यावरून निदान करू नये. गरोदरपणात निरोगी बाईच्याही लघवीत साखर उतरते. लॅबच्या पॅकेजमध्ये खपवली जाणारी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणीही इथे फसवते, कारण लाल पेशी लवकर बदलत असल्याने आकडा कमी येतो.

उपकेंद्रातला प्लाझ्माप्रमाणे कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्लाझ्मातल्या साखरेशी आकडा जुळवलेला ग्लुकोमीटर बोटातलं रक्त तिथल्या तिथे मोजतो, त्यामुळे ही गळती टळते. फक्त पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलेलं नसावं.