काटवल, कडू दोडकी, शिवलिंगी : नागपूरच्या कुंपणांवरचं एक कूळ

जुलै उजाडला की नागपूरच्या गोकुळपेठेत, बर्डीवर काटवलांचे (करटोल्यांचे) छोटे ढीग दिसू लागतात आणि भाव ऐकून गिऱ्हाईक एकदा तरी थबकतं. भाव चढा असतो, कारण हा माल बराचसा रानातून एकेक फळ वेचून आलेला असतो. काटवल शेतात लावायचं म्हटलं तर नर-मादीचा प्रश्न आडवा येतो. त्याच दिवसांत सेमिनरी हिल्सच्या उतारावर, गोरेवाड्याच्या वाटेवर आणि शहरातल्या रिकाम्या प्लॉटांच्या तारांवर काटवलाची सख्खी-चुलत भावंडं चढू लागतात. त्यांतली काही खाण्याजोगी, काही जिवावर बेतणारी. दुरून सगळ्यांचा पाला सारखाच दिसतो. म्हणून वेल तोडण्याआधी, चाखण्याआधी आणि उपटण्याआधी ती ओळखता आली पाहिजे. ते वाटतं तितकं अवघड नाही.

सुरुवात ताण्यापासून, म्हणजे वेल ज्याने आधार पकडते त्या बारीक धाग्यापासून, करावी. काकडी-भोपळ्याच्या या कुळात, म्हणजे कुकुर्बिटेसीत, ताणा पेऱ्यावर पानाच्या देठाच्या बाजूला फुटतो. द्राक्षकुळातल्या आंबटवेलीचा ताणा पानाच्या बरोबर समोर असतो, कृष्णकमळ आणि वेलघाणीचा पानाच्या बगलेत, तर कपाळफोडीचा फुलांच्या दांडीवर. गारवेलीसारख्या वेलींना ताणा नसतोच. त्यांचं खोडच आधाराला वेढे घालतं आणि त्यांतल्या बऱ्याच वेलींचं खोड मोडलं की पांढरा चीक येतो. काकडीच्या कुळात खोड मोडल्यावर पाण्यासारखा रस येतो, चीक नाही.

कूळ ठरलं की ताण्याला किती फाटे आहेत ते पाहा. काटवल, रानतोंडली, शेंदाड आणि चिराटी यांचा ताणा एकेरी असतो. शिवलिंगी आणि कडू भोपळ्याचा ताणा दुभंगलेला. रानपडवळाला दोन-तीन फाटे, दोडकीला बहुधा तीन किंवा त्याहून जास्त. ताणा कोवळा असताना, गुंडाळण्याआधीच, हे नीट दिसतं. कडू भोपळ्याची आणखी एक पक्की खूण आहे: देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन बारीक ग्रंथी असतात.

सगळ्यात जास्त गोंधळ रानतोंडली आणि शिवलिंगीत होतो, कारण दोघींची फळं हिरव्यावर पांढऱ्या रेघांची आणि पिकल्यावर लालभडक. तोंडलीचं फळ लांबट असतं आणि पिकल्यावर त्यावरच्या रेघा विरतात. शिवलिंगीचं फळ गोल, गोटीएवढं, बहुधा घोसात लागणारं, आणि लाल झाल्यावरही पांढरे पट्टे तसेच राहतात. तिचं पान पंजासारखं खोल चिरलेलं असतं. शिवलिंगीचं फळ विषारी आहे. लाल गोट्या दिसल्या की लहान मुलांचा हात आधी जातो, त्यामुळे शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या कुंपणावर ही वेल असेल तर फळ धरण्याआधी काढून टाकणं बरं. पिकलेली तोंडली मात्र बुलबुल आणि कोकीळ आवडीने खातात आणि बी दूरवर टाकतात. आपल्याकडे निरुपद्रवी असलेली हीच तोंडली हवाई आणि गुआम बेटांवर झाडांच्या झाडं झाकून टाकणारं उपद्रवी तण ठरली आहे.

ताण्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. कोवळा ताणा आधी सरळ वाढतो आणि हवेत संथपणे गोल फिरत आधार शोधतो. टोकाच्या आतल्या अंगाला काडी घासली की काही मिनिटांत तो वाकू लागतो. चार्ल्स डार्विनने १८६० च्या दशकात याच कुळातल्या एका अमेरिकन वेलीवर हे तासन्‌तास नोंदवलं होतं. पावसाचा थेंब पडला तर मात्र ताणा वाकत नाही. १८८५ मध्ये विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की ओल्या जिलेटिनचा गुळगुळीत लेप दिलेल्या कांडीने घासलं तरी ताणा ढिम्म राहतो. त्याला स्पर्श कळतो तो खरखरीतपणाचा. मांडवासाठी गुळगुळीत पीव्हीसी पाईप उभे केले की वेल घसरून पायथ्याशी गोळा होते, ती यामुळेच. जाड खांब असेल तर त्यावर काथ्या किंवा सुतळी गुंडाळावी. ताण्याला पेन्सिलीपेक्षा बारीक आणि खरबरीत आधार सगळ्यात जास्त मानवतो.

टोकाने पकड घेतली की मधला भाग आखडून त्याची स्प्रिंग होते. एक ताणा हातात घेऊन बघा: अर्धे वेढे एका दिशेने, अर्धे उलट दिशेने, आणि मध्ये एक छोटा सरळ तुकडा. दोन्ही टोकं बांधलेली असताना दोरी एकाच दिशेने पिळता येत नाही. जेवढे वेढे उजवीकडे पडतात तेवढे डावीकडे पडावेच लागतात. २०१२ मध्ये काकडीच्या ताण्यांवर झालेल्या अभ्यासात या आखडण्याचं कारण सापडलं. ताण्याच्या आत तंतूंसारख्या पेशींची दोन थरांची पट्टी असते. एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त आकसतो आणि पट्टी वळते. अशा स्प्रिंगमुळे जुलैच्या वादळी वाऱ्यात वेल हेलकावते, पण तुटत नाही.

आता काटवल. शास्त्रीय नाव मोमोर्डिका डायोइका. हिची नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. या कुळात मादी फूल ओळखायला भिंग लागत नाही, कारण पाकळ्यांच्या खाली देठावर इवलंसं फळ आधीच बसलेलं असतं. काटवलात त्या फळावर बारीक मऊ काटेही दिसतात. नर फुलाचा देठ नुसता लांब असतो आणि कळीला खालून झाकणारं एक गोलसर छद, म्हणजे छोट्या पानासारखं आवरण, असतं. फिकट पिवळी फुलं दिवस मावळताना उमलतात, त्यामुळे दुपारी वेल पाहणाऱ्याला नुसत्या कळ्या दिसतात.

बी लावलं तर दोन अडचणी येतात. बियांचं कवच टणक असतं आणि ताजं बी सुप्त असतं, त्यामुळे पेरल्यावर महिनोन्‌महिने काहीच उगवत नाही. उगवलं तरी साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि कोणती नर हे फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून लागवड कंदांनी करायची. पावसाळ्यात फुलं पाहून वेलींना वेगवेगळ्या रंगांची दोरी बांधून ठेवायची. हिवाळ्यात वेल वाळली की कंद ओळखायचा तो त्या खुणेवरूनच. जूनच्या सुरुवातीला साधारण एक फूट लांब-रुंद-खोल खड्डे दोन-दोन मीटरवर घ्यावेत, त्यांत कुजलेलं शेणखत आणि माती भरून खड्ड्यात एक कंद कोंबाकडची बाजू वर ठेवून लावावा. आठ ते दहा मादी वेलींमागे एक नर पुरतो, पण तो कोपऱ्यात न लावता मधोमध लावावा. नागपूरच्या काळ्या मातीत सगळ्यात मोठं नुकसान पाणी साचल्याने होतं: कंदाला हवा मिळत नाही, बुरशी शिरते आणि ऑगस्टमध्ये वेल अचानक मान टाकते. तळाशी मुरूम किंवा रेतीचा थर द्यावा आणि वाफा जमिनीपेक्षा उंच ठेवावा.

फुलं भरपूर येतात आणि इवली फळं पिवळी पडून गळतात, ही तक्रार बहुतेक वेळा परागणाची, म्हणजे नर फुलाचा पराग मादी फुलापर्यंत न पोचण्याची, असते. शहराच्या उजेडात आणि फवारलेल्या बागेत संध्याकाळचे पतंग कमी येतात. अशा वेळी फुलं उमलल्यावर एक ताजं नर फूल तोडावं, त्याच्या पाकळ्या मागे वळवाव्यात आणि परागकोश मादी फुलाच्या मधल्या कुक्षीवर, म्हणजे पराग घेणाऱ्या टोकावर, हलकेच टेकवावेत. साधारण दोन आठवड्यांत फळ भाजीजोगं होतं. त्यानंतर थांबलात तर बिया कडक होतात.

रानातली काटवल वेचताना कंद खणणं म्हणजे ती वेल कायमची संपवणं आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा जमिनीवर या वेलीचं काहीच उरलेलं नसतं. सगळं पाणी आणि पिष्ट कंदात असतं आणि पहिल्या पावसावर त्यातूनच कोंब येतो. आपण फळं कोवळीच तोडतो, त्यामुळे बीही रानात पडत नाही. प्रत्येक वेलीवर चार-दोन फळं पिकायला सोडावीत. ती केशरी होऊन उलतात, आत बियांभोवती लाल गर दिसतो, आणि पुढचं काम पाखरं करतात.

तोंडलीतही नर-मादी वेली वेगळ्या असतात, पण तिथे गोष्ट आणखी पुढे गेली आहे. माणसासारखी एक्स आणि वाय गुणसूत्रं तिच्यात सापडतात, आणि वाय हे तिच्या पेशीतलं सगळ्यात मोठं गुणसूत्र असतं. वनस्पतींत हे फार दुर्मीळ आहे.

कडूपणाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण इथे चूक झाली तर दवाखाना गाठावा लागतो. या कुळातल्या रानटी वेली कुकुर्बिटॅसिन नावाची कडू रसायनं तयार करतात. बहुतेक किडी आणि जनावरं त्यांमुळे दूर राहतात. तांबडा भुंगेरा मात्र याच कुळावर जगतो, आणि त्याची युक्ती पानावर दिसते: खाण्याआधी तो पानात गोल चर कापतो, रसाचा पुरवठा तोडतो आणि मग आतला भाग खातो. दोडकीच्या किंवा काकडीच्या पानावर कंपासने आखल्यासारखी गोल भोकं दिसली की ती त्याचीच.

माणसाच्या पोटात ही रसायनं गेली तर काही मिनिटांपासून काही तासांत उलट्या, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. जास्त गेली तर रक्ताची उलटी होते आणि रक्तदाब कोसळतो. यावर उतारा नाही. सलाइन आणि देखरेख हाच उपचार. म्हणून घरगुती उपायांत वेळ घालवू नये. शिजवल्याने ही रसायनं नष्ट होतील यावर विसंबू नये. कडू दुधी भोपळ्याच्या रसाने मृत्यू झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा सल्ला साधा आहे: रस काढण्याआधी फळाचा छोटा तुकडा चाखा; कडू लागला तर थुंका आणि फळ फेकून द्या. भाजीच्या दुधी, दोडका, काकडी, तोंडली या सगळ्यांना हाच नियम लावावा. कारल्याला तो लागू नाही, कारण कारल्याचा कडूपणा वेगळ्या संयुगांचा आहे. आणि मीठ-साखर घालून कडूपणा झाकणं सगळ्यात घातक, कारण जीभ जी सूचना देते ती आपणच बंद करतो.

कुंपणावरची कडू दोडकी दिसायला दोडक्याची लहान आवृत्ती: तशाच शिरा, फळ आखूड, वेल जास्त खरखरीत. शेजारी ती असली म्हणून परसातला यंदाचा दोडका कडू होत नाही. फळाचा गर हा आई-वेलीचा भाग असतो, पराग कुठूनही आलेला असो. कडूपणा उतरतो तो बियांत. ते बी घरी ठेवून पुढच्या वर्षी लावलं की वेल चांगली तरारते आणि फळ तोंडात धरवत नाही. प्रमाणित बियाण्यासाठी या भाज्यांत ५०० मीटरचं अंतर सांगितलं आहे; शहरात ते जमणं कठीण. त्याऐवजी फूल बांधावं. दोडक्याची फुलं सायंकाळी उमलतात, म्हणून दुपारी तीन-चारच्या सुमारास पिवळी पडलेली एक मादी आणि दोन नर कळ्या निवडून त्यांची टोकं दोऱ्याने बांधा. दिवस मावळताना सोडा, नर फुलाचा पराग कुक्षीला लावा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा अडकवा. ते फळ वेलीवरच वाळू द्या. हलवल्यावर बी वाजलं की काढा.

शेंदाडाकडे कपाशी आणि सोयाबीनमधलं तण म्हणून पाहिलं जातं. ते खरबुजाचंच रानटी रूप, क्युक्युमिस मेलो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून काकडी आणि खरबूज या दोन्हींचं मूळ आशियात असल्याचं दिसलं, आणि भारतात त्यांची रानटी विविधता मोठी आहे. तिचा उपयोग आधीच झालेला आहे. कॅलिफोर्नियातलं खरबुजाचं पीक भुरी रोगाने (पानांवर पांढरी पूड चढवणाऱ्या बुरशीने) बसत होतं, तेव्हा भारतातून गेलेल्या खरबुजाची प्रतिकारशक्ती घेऊन १९३६ मध्ये पीएमआर ४५ हा वाण तिथे आला. अमेरिकेतल्या काकडीच्या वाणांत केवडा रोगाला तोंड देण्याची ताकद पीआय १९७०८७ या भारतीय नमुन्यातून गेली. तणनाशकाने धुऱ्यावरचं (शेताच्या बांधावरचं) शेंदाड मारताना हे ध्यानात असावं.

धुऱ्यावर एखादी वेल आजूबाजूच्या वेलींवर भुरी चढलेली असतानाही स्वच्छ हिरवी दिसली, तर तिचं बी ठेवण्यासारखं आहे. फळ पूर्ण पिकून देठापासून सुटू द्या. गर पाण्यात एक-दोन दिवस आंबवा, तळाशी बसलेलं बी धुवा आणि सावलीत वाळवा. कागदी पाकिटावर गाव, शेताचा प्रकार, तारीख आणि फळाची चव लिहा. या नोंदीशिवाय बी संशोधकाच्या उपयोगाचं राहत नाही. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्र विदर्भातच, अकोल्याला आहे.