मुलांसाठी वेगळं न्यायालय कुठून आलं

मुंबईत डोंगरीला, उमरखाडीत, एक जुना तुरुंग होता. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात शिक्षा झाली तेव्हा, १८८२ मध्ये, टिळक आणि आगरकर इथेच होते. शिक्षा चार महिन्यांची, प्रत्यक्षात भोगली १०१ दिवस; आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकही लिहिलं. याच तुरुंगाच्या जागी नंतर मुलांचं रिमांड होम आलं. ‘नीट वाग, नाहीतर डोंगरीला टाकीन’ हा मुंबईतल्या आयांचा जुना धाक तिथूनच आला. कायद्याने मुलांना तुरुंगातून बाहेर काढायचं ठरवलं आणि ठेवलं पुन्हा तुरुंगाच्याच भिंतींत. ही ओढाताण अजून संपलेली नाही.

इंग्रजांनी सुरुवात केली ती वयाच्या रेषेपासून. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच धरलं नाही. सात ते बारामधल्या मुलाला आपल्या कृत्याचा अर्थ कळण्याइतकी समज होती का, ते पाहायचं. ही तरतूद आजच्या भारतीय न्याय संहितेतही तशीच आहे. पण बारा ओलांडलेल्या पोराचं काय? त्याआधी, १८५० च्या एका कायद्याने, दहा ते अठरा वयाच्या अनाथ-गरीब मुलांना आणि किरकोळ गुन्हे केलेल्यांना कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय केली होती. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. मग १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळांचे कायदे आले. त्यांत न्यायालय आधी मोठ्यांसारखीच कैदेची शिक्षा सुनावायचं आणि मग मुलाला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत धाडायचं; १८९७ च्या कायद्यात पंधराच्या आतल्या मुलाला तीन ते सात वर्षांसाठी. म्हणजे खटला मोठ्यांचाच, फक्त शेवटचा मुक्काम बदललेला.

खटलाच वेगळा हवा, हा विचार १९१९-२० च्या तुरुंग समितीनंतर जोर धरू लागला. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांचे स्वतंत्र कायदे केले. मुंबईत १९२७ च्या सुमारास बाल न्यायालय सुरू झालं. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ प्रत्येक राज्याचा कायदा निराळा राहिला, आणि कायदा असूनही देशभर मुलं मोठ्या कैद्यांबरोबर कोंडलेली होती. पत्रकार शीला बर्से यांनी हे सर्वोच्च न्यायालयापुढे नेलं. संसदेने सगळ्या देशासाठी एकच कायदा करावा, असं न्यायालयाने १९८६ मध्ये सुचवलं. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम झाला. त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत ‘बालक’. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आणि २००० च्या कायद्याने दोघांसाठी रेषा अठरावर आणली.

फरक किती आहे ते कायद्याच्या पुस्तकापेक्षा बाल न्याय मंडळाच्या, म्हणजे मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळाच्या, खोलीत जास्त कळतं. एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांत किमान एक बाई. उंच चौथरा नाही, आरोपीचा पिंजरा नाही. मुलाला आणणारा पोलीस शक्यतो साध्या कपड्यांत, बेड्या घालायच्या नाहीत, रात्र लॉकअपमध्ये काढायची नाही. ‘आरोपी’ म्हणायचं नाही. म्हणायचं ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे कायद्याशी संघर्षात सापडलेलं मूल. शब्द जिभेवर जड आहे, पण कुणीतरी विचारपूर्वक घडवलेला आहे. नाव आणि फोटो छापायला बंदी. जामीन हा नियम, नाकारायचा झाला तर ठरावीक कारणंच. प्रौढाच्या खटल्यात प्रश्न असतो की याने काय केलं आणि त्याची शिक्षा किती. इथे त्याच्या जोडीला घर कसं आहे, शाळा कुठे सुटली, संगत कुणाची, हेही नोंदवून परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) अहवाल द्यायचा.

आणि मग १६ डिसेंबर २०१२. दिल्लीतल्या त्या बसमध्ये तरुणीवर सामूहिक बलात्कार करून तिचा जीव घेणाऱ्या सहा जणांपैकी एक अठराला काही महिने कमी होता. एकाचा खटल्यादरम्यान तुरुंगातच मृत्यू झाला, चौघांना मार्च २०२० मध्ये फाशी झाली; या मुलाला कायद्यातली जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. २० डिसेंबर २०१५ ला तो सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. त्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने वय खाली आणायला नकार दिला होता, संसदेच्या स्थायी समितीनेही विरोध केला होता. तरी ठरलं की सोळा ते अठरामधल्या मुलाने अतिगंभीर, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा, गुन्हा केला असेल, तर मंडळाने प्राथमिक चाचपणी करावी आणि त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का ते ठरवावं. फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप मात्र तेव्हाही नाही. लोकांचा संताप मला समजतो, तो खरा होता. पण गुन्ह्याच्या क्षणी त्या मुलाच्या डोक्यात काय होतं, हे नंतर कित्येक आठवड्यांनी एखाद्या खोलीत बसून मोजता येतं, यावर माझा विश्वास बसत नाही.

महाराष्ट्राला हा सगळा कायदा खऱ्या अर्थाने कळला तो १९ मे २०२४ नंतर. पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. काही तासांत जामीन, आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध. निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. पण दोन घरांतली तरणीताठी मुलं गेली असताना हा फरक कुणाला ऐकवणार? पुढे त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं. २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याची सुटका केली.

त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, अशी पोलिसांची मागणी होती. कलम होतं सदोष मनुष्यवधाचं आणि त्यात किमान सात वर्षांची शिक्षा ठरवलेली नाही. अशी किमान मर्यादा नसलेला गुन्हा ‘अतिगंभीर’ धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलं होतं. जुलै २०२५ मध्ये मंडळाने मागणी फेटाळली. त्यामुळे मुलाचं प्रकरण मंडळापुढेच राहिलं, आणि दारू लपवण्यासाठी त्याच्या रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप असलेली मोठी माणसं नेहमीच्या न्यायालयात उभी राहिली.