पी ०१७१ : चोरवाटेची हवा की मापातलं पाप?

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ०१७१ हा बिघाडाचा कोड दिसला की पुष्कळ जण लगेच एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघतात. मीही एकदा तेच केलं. नवा सेन्सर बसवला, चार दिवसांत दिवा पुन्हा हजर. जुना सेन्सर बिचारा खरंच सांगत होता, मीच साप सोडून भुई धोपटत होतो.

कोडचा अर्थ एवढाच की बँक १ मध्ये, म्हणजे १ नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला आहे तिथे, हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन आहे. पेट्रोलच्या १ भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. इथे हवा त्याहून जास्त पडतेय किंवा पेट्रोल कमी. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, आपल्या परीने पेट्रोल वाढवत राहतो. ही वाढ (किंवा घट) म्हणजे फ्युएल ट्रिम. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. साधारण २० ते २५ टक्क्यांच्या पुढे गेली की कोड पडतो, नेमका आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा.

नेहमीचे संशयित दोन. पहिला व्हॅक्यूम लीक : तडकलेला पीसीव्हीचा (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप, सुटलेली होज, कडक झालेलं इनटेक गॅस्केट. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरला चकवून हवा मागच्या दाराने आत शिरते. दुसरा, खुद्द एअर फ्लो सेन्सर. त्याच्या गरम तारेवर धुळीचा थर बसला की आलेली हवा तो कमी मोजतो आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही कमी सोडतो. कोड दोन्हीकडे तोच.

फरक पकडायचा तो ट्रिममध्ये. इंजिन गरम करा, आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून साठवलेली) ट्रिमची बेरीज स्कॅनरवर बघा. मग गाडी उभी ठेवूनच २५०० आरपीएमवर धरा आणि पुन्हा बघा. समजा आयडलला सेन्सरने सेकंदाला ३ ग्रॅम हवा मोजली आणि भेगेतून ०.६ ग्रॅम आली, तर ट्रिम २० टक्क्यांवर. २५०० ला मोजलेली हवा १५ ग्रॅम झाली, भेग मात्र तेवढीच. आता चोरीचा वाटा जेमतेम ४ टक्के. म्हणून आयडलला वाईट आणि आरपीएम वाढवल्यावर सुधारणारा आकडा दिसला की लीक शोधा. उलट आयडलला ठीक आणि ॲक्सिलरेटर दाबला की बिघडत जाणारा आकडा असेल, तर एअर फ्लो सेन्सरवर संशय घ्या.

मात्र हा ताळा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांचा. काही गाड्यांत तो नसतोच, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब मोजून काम चालतं. तिथे लीकमुळे दाबच वाढतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि लीन कोडऐवजी आयडल चढलेलं दिसतं.

लीक शोधायला, आत धूर सोडून भेग दाखवणाऱ्या स्मोक मशीनसारखं दुसरं काही नाही. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून बघणारे भेटतात, पण तो द्रव पेट घेतो, तेव्हा मी तरी त्या वाटेला जात नाही. सेन्सर साफ करायला एअर फ्लो सेन्सरचाच स्प्रे घ्या, तारेला बोट किंवा कापूस लावू नका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून ठेवा, पुसलं की तीही जाते. कोड पडला तेव्हा आरपीएम आणि लोड किती होता हे त्यात असतं. तिथे आयडलचा आकडा असेल तर निम्मं काम तिथेच झालं.

आणि सेन्सर साफ करूनही चढावर ट्रिम वाढतच असेल, तर हवेचा नाद सोडा. फ्युएल प्रेशर गेज लावा, पंप किंवा फिल्टर दमला असण्याची शक्यता जास्त.