इंजिन बदलायचंय? पाना हातात घेण्याआधी आरसी वाचा

दिवाळीची सुट्टी संपून प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले, की माझ्या टेबलाभोवती एक घोळका हमखास उभा राहतो. कुणाच्या मामाकडे जुनी जिप्सी पडून आहे, कुणाला भंगारात स्विफ्टचं डिझेल इंजिन स्वस्तात मिळतंय. बेत ठरलेला असतो: "सर, आधी बसवून टाकू, मग आरटीओत जाऊन नोंद करून घेऊ."

मी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा निदेशक. इंजिन बसतं, त्यात शंका नाही. माउंटिंग बनवून, ॲडॉप्टर प्लेट कापून, वायरिंगचा गुंता सोडवून पोरं ते बसवतातच. अडतं ते आरटीओच्या खिडकीवर. आणि अडल्यावर गाडी पुन्हा पेट्रोलवर आणायला ना पैसे उरलेले असतात, ना जुनं इंजिन. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पेट्रोलची डिझेल होत नाही

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं, की उत्पादकाने ठरवून दिलेला आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. पूर्वी हे कलम सैल होतं. परवानगी घेऊन बरंच काही चालायचं. २००० साली दुरुस्ती झाली आणि दार लागलं. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं.

जिप्सीचं उदाहरण घ्या. १९८५ ला आली तेव्हा ९७० सीसी पेट्रोल, पुढे जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसी, तेही पेट्रोल. मारुतीने ती डिझेलमध्ये कधी काढलीच नाही. मग तुमचं १.३ डिझेल कितीही सफाईने बसलं, तरी आरसीवर इंधन, सीसी आणि इंजिन नंबर तिन्ही चुकतात. चेसिस तेवढी जुळते.

इथे हुशार पोरं कलमाचं परंतुक, म्हणजे अपवादाची ओळ, काढून दाखवतात. त्यात लिहिलंय, की बॅटरी, सीएनजी, एलपीजी, सौर ऊर्जा "किंवा इतर कोणतंही इंधन" वापरता यावं म्हणून इंजिनात बदल करता येतो. सर, डिझेल हे इतर इंधन नाही का? आहे की. पण त्याच वाक्यात पुढे रूपांतर किट बसवून असं म्हटलंय. सीएनजीचं किट चाचणी होऊन मंजूर झालेलं असतं आणि ते अधिकृत केंद्रात बसतं. दुसऱ्या गाडीतून काढलेलं अख्खं इंजिन म्हणजे किट नव्हे. हा वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"पुण्यात एआरएआयला नेऊन पास करून आणू" हेही दरवर्षी ऐकतो. एआरएआय ही वेताळ टेकडीवरची वाहन चाचणी संस्था. त्या चाचण्या कंपन्यांच्या मॉडेलसाठी आणि किटसाठी असतात. वर्कशॉपमध्ये जुळवलेली एकटी जिप्सी घेऊन वेताळ टेकडी चढून उपयोग नाही.

मग गावात डिझेलवर पळणाऱ्या त्या जुन्या जिपा? कितीतरी मूळ पेट्रोल जिपांत आणि ॲम्बेसिडरमध्ये मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसलंय. त्यातल्या ज्यांच्या आरसीवर त्या काळीच डिझेल आणि नवा इंजिन नंबर चढला, त्यांचं ठीक आहे. आजोबांनी तेव्हा नोंद केली नसेल, तर नातवाला ती आज करून मिळत नाही.

मग काय होतं

डिझेलच्या जागी तेच डिझेल. माझा आग्रह असा, की प्रोजेक्टसाठी गाडी निवडताना मुळातच डिझेल असलेली निवडा. महिंद्रा एमएम ५४० घ्या. तिचं एक्सडीपी ४.९० इंजिन निकामी झालं असेल, तर त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवा. पोरांना काम तेवढंच शिकायला मिळतं आणि आरसीवर बदलतो फक्त इंजिन नंबर. याला आरटीओची परवानगी मिळू शकते.

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर, वाहनातील फेरफार या सेवेखाली. फॉर्म भरा, फी भरा, प्रिंट काढा, तपासणीची वेळ घ्या. यात फारसं कुणी चुकत नाही. सोबत आरसी, विमा, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. गाडी संस्थेच्या नावावर असेल, तर लेटरहेडवर प्राचार्यांचं पत्र आणि सही कोण करणार त्याचं अधिकारपत्र. हे पत्र शिक्षकाने स्वतःच्या सहीने दिलं, की अर्ज परत.

खरी रड पुढच्या तीन कागदांची आहे.

पहिला, इंजिनचा जन्मदाखला. इंजिन कुठल्या गाडीतून निघालं, ती गाडी कुणाची होती, आणि ती रीतसर मोडीत निघाली का, हे दाखवावं लागतं. भंगार बाजारात मिळते ती कच्ची पावती: "एक इंजिन, रोख मिळाले". ना नंबर, ना जीएसटी. तिला किंमत शून्य. पक्कं बिल हवं, त्यावर इंजिन नंबर छापलेला हवा, आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत किंवा नोंदणी रद्द झाल्याचा कागद हवा. दुकानदार म्हणतो, "नंतर देतो." नंतर तो फोन उचलत नाही. कागद हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका, इंजिन टेम्पोत चढवूही नका. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं, तर आधी प्रश्न तुम्हालाच विचारतील.

दुसरा, बोजा उतरल्याचा कागद. जुन्या जिपेच्या आरसीवर हमखास कुठल्यातरी पतसंस्थेचं नाव असतं. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेलं, पण फॉर्म ३५ भरून बोजा उतरवायचं कुणाला सुचलंच नाही. आता ती पतसंस्था बंद, शटर खाली. अशा वेळी संस्थेवर अवसायक, म्हणजे बंद संस्थेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, नेमलेला असतो, त्याची सही आणि नाहरकत लागते. तो कोण, हे सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात कळतं. यात महिने जातात. म्हणून गाडी आवारात आणण्याआधी आरसीवरचा हा एक रकाना वाचा. आणि कर्ज चालू असेल, तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती आधी घ्या.

तिसरा म्हणजे खुद्द मुदतीतली आरसी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर फॉर्म २५ भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पडीक गाडीचं ते कुणी केलेलं नसतं. आधी नूतनीकरण, पर्यावरण कर आणि थकलेली ई-चलनं, मग फेरफार. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर त्याही आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर. लष्कराच्या लिलावातली जिप्सी असेल, तर लष्करी अधिकाऱ्यांचं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र. झेरॉक्स चालत नाही. लिलावात घेतलेल्या माणसाकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तिसऱ्याने घेतलेली गाडी असते, आणि मूळ कागद पहिल्याच्या कपाटात राहिलेला असतो.

ते चौदा दिवस

सगळ्यात जास्त घोळ इथे. कायद्यात चौदा दिवसांत कळवा असं वाचून लोक समजतात, की आधी काम करा आणि चौदा दिवसांत सांगा. तसं नाही. ही मुदत परवानगी घेऊन केलेल्या बदलाची आहे. आधी परवानगी, मग काम, आणि काम झाल्यापासून चौदा दिवसांत आरसी आणि फी घेऊन नोंद. परवानगीशिवाय काम केलेल्याला हे चौदा दिवस वाचवत नाहीत. दंडाचं कलम १८२अ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

दुसरी चूक दिवस मोजण्याची. बिलाची तारीख नाही, प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेची तारीख नाही. इंजिन गाडीत बसलं ती तारीख. वर्कशॉपच्या फळ्यावर ती खडूने लिहून ठेवत जा.

परवानगी कधी मिळेल हे मात्र विचारू नका. एका कार्यालयात मला तीन खेपा घालायला लावल्या आणि तिसऱ्या खेपेला सांगितलं, की पहिल्या खेपेचाच कागद बरोबर होता. सत्र संपत आलेलं, मुलं ताटकळलेली. म्हणून अर्ज दिवाळीआधीच टाका, सुटं इंजिन स्टँडवर ठेवून शिकवा.

तपासणीच्या दिवशी

निरीक्षक आधी चेसिस आणि इंजिन नंबर बघतात. पेन्सिल प्रिंट घरूनच घेऊन जा: नंबर रॉकेलने पुसायचा, कोरडा करायचा, वर पातळ कागद धरून आडव्या पेन्सिलने हलकेच घासायचं. आकडे पांढरे उमटतात. आमच्या एका पोराने गंज काढायला नंबरवर ग्राइंडर फिरवला. दोनच सेकंद. आठ आकड्यांतले दोन पुसट झाले, आणि निरीक्षकांनी नखाने चाचपून मान वर केली ती "हे कुणी खोडलं?" असं विचारतच. त्या नंबरच्या खुलाशात पुढचे दोन महिने गेले. वायर ब्रशसुद्धा नको. चिंधी आणि रॉकेल पुरे.

नोंद झाली, की त्याच आठवड्यात विमा कंपनीला नवा इंजिन नंबर लेखी कळवा. पॉलिसीवर जुना नंबर राहिला, तर दाव्याच्या वेळी वाद घालायला त्यांना निमित्त मिळतं.

रस्त्यावर न्यायचीच नसेल तर

काही संस्था म्हणतात, गाडी आवाराबाहेर जाणारच नाही, मग कसली परवानगी? शिकवण्यासाठी असेल तर सरळ रस्ता असा, की कायमची निकामी म्हणून आरसी परत करून नोंदणी रद्द करून घ्या, जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) "प्रशिक्षणासाठी" म्हणून चढवा, आणि हवं ते इंजिन बसवा. संस्थेची जुनी गाडी असेल, तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरातून काढून टाकल्याचा, ठराव. पण मग ती स्टँडवरच राहायला हवी. नोंदणीशिवाय गाडी चालवायची नाही, हा कलम ३९ चा नियम सार्वजनिक जागेपुरता नाही, "इतर कोणत्याही जागी" असंही त्यात लिहिलंय. त्यातून संस्थेचं मैदान म्हणजे सकाळी अर्धं गाव फिरायला येतं, ते बंदिस्त आवार आहे असं कुणाला पटवणार?

आणि चालवणार कोण? दहावी करून आलेली आमची बरीच पोरं सतरा वर्षांची असतात. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर बारा महिने नोंदणी रद्द. मालक म्हणजे इथे संस्था. आमच्या शेडमधली जिप्सी चारही चाकं वर करून लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. तिसऱ्या गिअरमध्ये टाकली, की मागची चाकं हवेत फिरतात, आणि पोरं आलटून पालटून सीटवर बसून तेवढ्यावर समाधान मानतात. चाकांना फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टभोवती जाळी मात्र मी स्वतः वेल्ड करून घेतली आहे.