जुनी वाइन : बाटली उघडणे व आस्वाद

जुनी वाइन : बाटलीत दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ मुरलेली वाइन. एकाच मळ्यातल्या, एकाच हंगामाच्या आणि एकाच लाकडी पेटीतून निघालेल्या दोन बाटल्याही कालांतराने वेगळ्या होत जातात, हे या विषयाचे मर्म. पहिल्या चार-पाच वर्षांत हा फरक सहसा जाणवत नाही. वीस वर्षांनी तो नवशिक्यालाही कळतो आणि चाळीस वर्षांनी एक बाटली अप्रतिम, तर शेजारची मोरीत ओतण्याजोगी निघू शकते. त्यामुळे जाणकारांच्या टिपणांत वाइनच्या नावाबरोबर बाटलीतल्या वाइनची पातळी, बुचाची स्थिती आणि बाटली कुठून आली हेही नोंदलेले असते. नुसते नाव आणि साल वाचून दिलेले मत फारसे कामाचे नसते.

कोणती वाइन टिकते : जगातली बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. ती ठेवून दिली तर फळाचा वास उडतो आणि त्याच्या जागी दुसरे काही येत नाही. टिकायला टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारे तुरट द्रव्य), आम्ल किंवा साखर यांपैकी निदान एकाचे भक्कम पाठबळ लागते. फ्रान्सच्या बोर्दो भागातील काबर्ने सोव्हिन्यों, इटलीतील नेबिओलो द्राक्षाची बारोलो, पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील व्हिंटेज पोर्ट (एकाच हंगामाची, मद्यार्क मिसळलेली गोड वाइन), जर्मन रीसलिंग ही पांढरी वाइन आणि फ्रान्सच्या सोतेर्नची गोड वाइन ही नेहमीची नावे. मदिरा (पोर्तुगालच्या मदिरा बेटावरची वाइन) मात्र वेगळी पडते. ती करतानाच तापवलेली आणि हवेत मुरवलेली असते, त्यामुळे बिघडण्यासारखे तिच्यात फारसे उरतच नाही. पूर्वी तिची पिंपे जहाजांतून उष्ण कटिबंध ओलांडून हिंदुस्थानापर्यंत नेऊन परत आणत, कारण या प्रवासाने ती सुधारते असा व्यापाऱ्यांचा अनुभव होता. उघडलेली मदिरा महिनोन्‌महिने टिकते. बाकीच्या जुन्या वाइनला उघडल्यानंतर काही तासच मिळतात.

मुरताना लाल वाइनमधील टॅनिनचे व रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि शेवटी गाळ होऊन खाली बसतात. रंग जांभळ्यावरून विटकरीकडे सरकतो आणि हिरड्या आवळणारा तुरटपणा मऊ होतो. पांढरी वाइन उलट गडद होत जाते. ताज्या फळाच्या वासाची जागा चामडे, तंबाखू, सुकी पाने, अळंबी, ओली माती असे वास घेतात. जुन्या रीसलिंगला टीडीएन या संयुगामुळे रॉकेलची झाक येते आणि बेताची असेल तर ती आवडीने स्वीकारली जाते. मेथीदाण्याला त्याचा वास देणारे सोटोलोन हे संयुग जुन्या सोतेर्नमध्ये, मदिरेत आणि फ्रान्सच्या ज्युरा भागातील पिवळ्या वाइनमध्येही असते. तिथे ते हवेसे असते. कोरड्या (गोड नसलेल्या) पांढऱ्या बर्गंडीत, म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी भागातील वाइनमध्ये, मेथी जाणवली तर मात्र वाइनला हवा लागली असे समजावे. ही खूण पकडायला मराठी नाकाला वेगळे प्रशिक्षण लागत नाही.

बूच : बाटली-बाटलीतल्या फरकाचा सर्वांत मोठा वाटा बुचाकडे जातो. बूच हे झाडाच्या सालीचे असते. पोर्तुगालमध्ये बुचाच्या ओकची साल पहिल्यांदा काढायला झाड साधारण २५ वर्षांचे व्हावे लागते. त्यानंतर दर नऊ वर्षांनी ती काढतात आणि वाइनच्या योग्यतेची साल तिसऱ्या खेपेपासून मिळते. साधारण २४ मिमी व्यासाचे बूच दाबून १८.५ मिमीच्या गळ्यात बसवले जाते आणि त्याच्या लवचीकपणावर सगळी भिस्त असते. नैसर्गिक वस्तू असल्याने प्रत्येक बुचाची छिद्रे, घनता व लवचीकता वेगळी असते. काही बुचांतून दुसऱ्यांच्या कित्येक पट प्राणवायू आत शिरतो. एक-दोन वर्षांत याने काही बिघडत नाही, पण तीस वर्षे हिशेब साचत गेला की एकाच पेटीतील बाटल्यांचे वय जणू वेगवेगळे होते. ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेने १९९९ च्या हंगामाची एकच सेमियों (पांढरी वाइन) १४ प्रकारची बुचे व झाकणे लावून भरली होती. काही वर्षांनी बाटल्या रांगेत लावल्या तेव्हा फिकट पिवळ्यापासून चहासारख्या तपकिरीपर्यंत सगळ्या छटा त्यांत होत्या.

बुचाचा दुसरा उपद्रव म्हणजे २,४,६-ट्रायक्लोरोअनिसोल, म्हणजे टीसीए. क्लोरिनयुक्त फिनॉलांवर बुरशीची क्रिया होऊन ते तयार होते. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा कुबट वास येण्यामागे हेच संयुग असल्याचे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवले. लिटरमागे २ ते ५ नॅनोग्रॅम एवढेही बहुतेकांना जाणवते. त्याहून कमी असेल तर कुबटपणा कळत नाही, पण फळाचा वास दबतो आणि ‘वाइन थकली आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. नाक या वासाला लवकर सरावते, म्हणून पहिल्याच हुंगण्यात शंका आली तर ती लगेच बोलून दाखवावी. हवेत ठेवून टीसीए जात नाही, उलट अधिक उघडे पडते.

पांढऱ्या बर्गंडीत १९९५-९६ च्या हंगामांपासून अकाली जुने होण्याची तक्रार वाढली. दहा वर्षांनी बहरायला हवी ती वाइन सात-आठ वर्षांतच तपकिरी होऊन अक्रोडासारखी लागू लागली, तीही पेटीतल्या सगळ्या बाटल्यांत नव्हे, काहींतच. वाइन टिकवण्यासाठी घालायचे गंधक कमी करणे, द्राक्षे दाबण्याची सौम्य यंत्रे, पिंपात यीस्टचा गाळ वारंवार ढवळणे, बुचे पेरॉक्साइडने धुणे अशी अनेक कारणे पुढे आली. एकाच कारणावर खापर फोडण्यात अर्थ नाही. मात्र एकाच पेटीत चांगल्या व वाईट बाटल्या शेजारी निघतात, यावरून बुचाचा हात मोठा असणार हे उघड आहे.

साठवण : १० ते १४ अंश सेल्सिअस तापमान, ६० ते ७५ टक्के आर्द्रता, अंधार आणि आडवी बाटली हे जुने नियम आजही लागू आहेत. स्थिर १६ अंश हे ८ ते २२ मध्ये हेलकावे खाणाऱ्या तळघरापेक्षा बरे, कारण तापमान चढले की द्रव फुगून बुचाला बाहेर ढकलतो आणि उतरले की हवा आत ओढली जाते. अर्धी बाटली (३७५ मिली) लवकर म्हातारी होते आणि मॅग्नम (१.५ लिटर) सावकाश, कारण बूच जवळपास तेवढेच आणि आतली वाइन मात्र कमी-जास्त. खूप जुन्या बाटल्यांत फरकाचे आणखी एक कारण असते. बोर्दोची वाइन पूर्वी पिंपातून व्यापाऱ्यांकडे जाई आणि बाटलीत भरणारा हात प्रत्येक वेळी वेगळा असे. सगळी वाइन मळ्यातच भरण्याचा आग्रह तिथल्या शातो मुताँ या मळ्याने १९२४ च्या हंगामापासून धरला. व्हिंटेज पोर्ट तर १९७० च्या हंगामापर्यंत इंग्लंडमधल्या व्यापाऱ्यांकडेही भरली जात होती.

घेण्याआधी पातळी पाहावी. तिशी ओलांडलेल्या बोर्दो बाटलीत वाइन खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत असणे स्वाभाविक आहे. खांद्याच्या मध्यावर असेल तर धोका, आणि खांद्याखाली असेल तर ती बाटली केवळ कुतूहलापुरती. बर्गंडीच्या बाटलीला खांदा नसतो, म्हणून बुचापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात. तेवढ्याच वयाच्या बाटलीत चार सेंटिमीटरपर्यंत काळजीचे कारण नाही. वर आलेले बूच, आवरणाखाली चिकट ओघळ आणि वयाच्या मानाने फार कोरे दिसणारे लेबल, या तिन्हींबाबत शंका घ्यावी. बनावट बाटल्यांचा धोका खरा आहे. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीतील पाँसो घराण्याच्या क्लो सें-द्नी या वाइनची १९४५ सालची बाटली मांडली होती. प्रत्यक्षात त्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवात केली १९८२ मध्ये! अणुचाचण्यांपूर्वीच्या वाइनमध्ये सीझियम-१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य नसते. त्यामुळे बाटली न उघडता गॅमा किरण मोजून १९४५ पूर्वीच्या वाइनचा दावा पडताळता येतो. त्यानंतरच्या सालांसाठी ही चाचणी फारशी उपयोगी नाही.

उघडणे : बाटली निदान २४ तास, शक्यतो दोन दिवस, उभी ठेवावी म्हणजे गाळ तळाशी जमतो. बर्गंडीचा गाळ बारीक असतो आणि खाली बसायला आणखी वेळ घेतो. व्हिंटेज पोर्टचा गाळ कवचासारखा एका बाजूला धरलेला असतो. जुन्या पोर्ट बाटल्यांवर चुन्याचा पांढरा फटकारा दिसतो. आडवी ठेवताना वरची बाजू कोणती हे त्यावरून कळते आणि ती बाजू शेवटपर्यंत वरच ठेवायची असते.

आवरण गळ्याच्या कडेखाली पूर्ण कापून काढावे. बुचावरची काळी बुरशी पाहून घाबरू नये. ती दमट तळघराची खूण आहे. ओल्या फडक्याने गळा पुसून घ्यावा. नेहमीचा स्क्रू जुन्या बुचाचा मधला भाग पोखरून बाहेर येतो आणि कडा गळ्याला चिकटून राहतात. दोन पात्यांचे साधन (‘आह-सो’) अशा वेळी उपयोगी पडते. लांब पाते आधी बूच व काच यांच्यामध्ये सरकवावे, मग आखूड पाते, दोन्ही आळीपाळीने झुलवत खाली न्यावीत आणि पिळत वर ओढावे. बूच सैल असेल तर हेच साधन ते आत ढकलते. म्हणून अंगठ्याने हलके दाबून आधी अंदाज घ्यावा. सर्वांत सुरक्षित म्हणजे लांब स्क्रू मध्यात बसवून त्यावरूनच पाती सरकवण्याचे जोडसाधन, ज्यात बूच आतून आणि बाहेरून एकदम धरले जाते. बूच तुटलेच तर उरलेल्या भागात स्क्रू तिरका घालावा. आत पडले तर धुतलेल्या मलमलीतून वाइन गाळून घ्यावी. फिल्टर कागद वापरायचा असल्यास तो आधी त्याच वाइनच्या थेंबांनी भिजवावा, नाहीतर कागदाचा वास उतरतो. पोर्टची बुचे पार भुसभुशीत झालेली असली तर चिमटा लालभडक तापवून बुचाच्या खाली गळ्याला मिनिटभर लावतात आणि मग तिथे गार ओले फडके टेकवतात. काच सरळ रेषेत तडकते.

सुईने बुचातून वाइन काढून आत अर्‌गॉन भरणारे, २०१३ मध्ये बाजारात आलेले कोराविन हे उपकरण जुन्या बाटलीवर वापरणे टाळावे. कोरड्या बुचाचे छिद्र पुन्हा बुजत नाही.

उघडल्यावर लगेच १५-२० मिली ओतून चाखावे. पुढचे सगळे निर्णय या घोटावर ठरतात. वास बंद, पण तोंडात ताकद असेल तर वेळ द्यावा. वास नाजूक व सुंदर असेल तर तासभर आधी ओतून ठेवण्याचा नियम विसरावा, कारण अशी वाइन वीस मिनिटांत फुलते आणि तासात मावळते. उघडताच येणारा कोंडलेला, कुबटसर वास दहा-पंधरा मिनिटांत विरला तर तो बाटलीचा वास. तो वाढत गेला तर टीसीए. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास मात्र जात नाही. काही फ्रेंच संग्राहक बाटली चार-पाच तास आधी उघडून, न ढवळता, न ओतता तशीच उभी ठेवतात. गाळ कमी असलेल्या अतिवृद्ध बाटल्यांना ही रीत मानवते आणि सुरईत ओतण्याच्या धक्क्यापेक्षा ती नक्कीच बरी.

निवळून घ्यायचे तर खांद्याखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा ठेवावा आणि एकाच संथ धारेत, मध्ये बाटली सरळ न करता, वाइन सुरईत ओतावी. गाळाची काळी रेघ गळ्याशी आली की थांबावे. तळाची ३० ते ५० मिली वाइन सोडून द्यावी लागते. लोभाने तीही ओतली की सगळी सुरई कडवट होते. जुन्या लाल वाइनला १५-१६ अंश आणि जुन्या पांढऱ्या वाइनला ११-१३ अंश तापमान पुरे. एका बाटलीतून दहा-बारा जणांना ६० मिलीच्या आसपास वाटणी होते. ठरवून केलेल्या आस्वादात प्रत्येक वाइनची एक राखीव बाटली जवळ हवी. ती उघडावी लागणार नाही असे गृहीत धरणारा यजमान बहुधा पस्तावतो.

प्रसिद्ध प्रसंग : १९७६ च्या पॅरिसमधील स्पर्धेत कॅलिफोर्नियाच्या लाल वाइनने बोर्दोवर मात केली, तेव्हा ‘मुरल्यावर बघा’ असे उत्तर फ्रेंचांकडून आले. २००६ मध्ये त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. १९७१ ची रिज मोंटे बेलो पहिली आली आणि पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाने घेतले. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ बुडालेल्या जहाजात शँपेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ही शँपेन सुमारे ५० मीटर खोलीवर, अंधारात, अगदी थंड पाण्यात पडून होती. काही बाटल्यांत खारे पाणी शिरले होते, तर काही पिण्याजोग्या निघाल्या. त्यांत साखर लिटरमागे सुमारे १४० ग्रॅम होती, म्हणजे आजच्या कोणत्याही शँपेनपेक्षा कितीतरी जास्त. उघडताच जनावराच्या अंगासारखा वास आला आणि पेला घोळवल्यावर धूर, मसाला, चामडे व फुले यांचे वास वर आले.

महाराष्ट्रातील परिस्थिती : नाशिक व सोलापूर जिल्ह्यांतील बहुतेक वाइन ताजी पिण्यासाठीच असते. अकलूजच्या फ्रातेलीची ‘सेट्टे’ यासारख्या मोजक्या लाल वाइन काही वर्षे ठेवण्याच्या हेतूने केल्या जातात. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी स्वस्त गोड वाइन आणि दोरूची व्हिंटेज पोर्ट यांचा नावापलीकडे संबंध नाही. ती साठवू नये. पुण्या-मुंबईच्या घरात उघड्या कपाटातली बाटली एका उन्हाळ्यात जेवढी जुनी होते तेवढी थंड तळघरात कित्येक वर्षांत होत नाही, आणि हे जुनेपण चांगले नसते : शिजवलेल्या मनुक्यांची चव येते आणि बूच वर सरकते. घरगुती फ्रीज काही आठवडे चालतो, पण वर्षानुवर्षे ठेवायला तो फार थंड आणि कोरडा. १२-१३ अंशांवर लावलेला वाइनचा स्वतंत्र फ्रीज हाच उपाय. तोही इन्व्हर्टरवर असावा, कारण मे महिन्यात वीज गेली की आतले तापमान भराभर चढते. परदेशातून येताना सीमाशुल्काशिवाय २ लिटरपर्यंत मद्य आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. विमानप्रवासात ढवळलेली जुनी बाटली घरी आल्यावर निदान दोन आठवडे आडवी ठेवून, मग दोन दिवस उभी करून उघडावी. ज्या दिवशी पाहुणा आला त्याच रात्री उघडली तर पेल्यात गाळच जास्त येतो.