शवासन वेगळं, माइंडफुलनेस वेगळं (बीपीवाल्यांसाठी)

बाबांनी बीपीसाठी माइंडफुलनेसचा ऑनलाइन क्लास लावला तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे शवासनच ना, मग पैसे कशाला?" प्रश्न चुकीचा नाहीये, कारण दोन्हीकडे माणूस आडवा, डोळे मिटलेले, मोबाईलमधून कुणीतरी हळू आवाजात बोलतंय.

रिलॅक्सेशनचं, म्हणजे शवासनाचं, काम सरळ आहे, अंग सैल सोडायचं, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणायचा, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी तेवढ्यापुरतं उतरतं. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सननी १९७५ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. पण बाबा काय करायचे, मोजायच्या आधी दहा मिनिटं दीर्घ श्वसन करून १२८ काढायचे आणि डॉक्टरांना तोच आकडा दाखवायचे! पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली ढकलतात ना, तसं.

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे नुसतं लक्ष देणं, त्यात शांत वाटलंच पाहिजे असं काही नसतं. जॉन कबाट-झिननी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सला सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये एकच मनुका बघत, हुंगत, सावकाश चघळत खायला लावतात, आणि खांदा आखडला असेल तर आखडलाय एवढंच बघायचं, सोडवायच्या मागे लागायचं नाही. इगतपुरीला विपश्यना करून आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, उगम बराचसा विपश्यनेतलाच.

मग बीपी कसं उतरणार? ब्राउन युनिव्हर्सिटीच्या एरिक लाउक्स यांनी खास बीपीवाल्यांसाठी कोर्स बनवला, त्यात हेच लक्ष मीठ, व्यायाम, दारू, गोळ्या यांच्याकडे वळवलं. २०२३ मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये २०१ लोक होते, सहा महिन्यांनी कोर्सवाल्यांचं वरचं बीपी सरासरी ५.९ ने उतरलं, कोर्स न केलेल्या गटापेक्षा ४.५ ने जास्त. गोळी सुटेल एवढं नाही हे, पण अगदीच किरकोळही नाही.

परवा जेवताना बाबांचा हात लोणच्याच्या बरणीकडे गेला आणि मधेच थांबला. "भूक नाहीये, टीव्हीवरच्या त्या चर्चेने डोकं फिरलंय," म्हणाले. मग फोड घेतलीच, पण एक, आधी तीन असायच्या. शवासनाने हे होत नाही, तिथून उठलं की माणूस परत बरणीकडे.

म्हणून अ‍ॅपवर झोपेआधी पावसाचा आवाज ऐकणं म्हणजे रिलॅक्सेशन झालं, छान आहे, चालू ठेवा. माइंडफुलनेसचं ट्रेनिंग हवं असेल तर शिकवणारं माणूस, ग्रुप आणि रोजचा होमवर्क आहे का ते बघा. बाबा आता मोजायच्या आधी नुसते पाच मिनिटं टेकून बसतात. परवा १३६ आलं, वहीत १३६ लिहिलं.